ओट्याचा उडालेला टवका आणि कुठला गोंद टिकला: आठ महिन्यांनंतर

गेल्या दिवाळीच्या साफसफाईत पाच लिटरचा कुकर हातातून निसटला आणि सिंकसमोरच्या ग्रॅनाइटच्या कडेवर आदळला. अंगठ्याच्या नखाएवढा टवका उडाला. तो सापडला म्हणून काडेपेटीत जपून ठेवला. ओटा बदलायचा म्हणजे सिंक, नळ, मागच्या टाइल्स सगळंच उखडणं आलं. त्यापेक्षा जोडून बघू म्हटलं. त्याला आता आठ महिने होत आले.

पहिल्यांदा घरात होता तोच झटपट चिकटणारा गोंद लावला. मिनिटभरात घट्ट बसला. तीन आठवड्यांनी ओटा पुसताना टवका फडक्याबरोबर हातात आला. हा गोंद दोन बाजू एकमेकींना अगदी लागून बसत असतील तरच धरतो, फट भरून काढत नाही आणि वाळल्यावर काचेसारखा ठिसूळ होतो. सिंकच्या कडेला दिवसभर पाणी आणि भांड्यांचे धक्के, तिथे त्याचं कामच नव्हतं. वर टवक्याभोवती पांढुरकी झाक आली, ती काळ्या दगडावर लांबूनही दिसायची.

मग डिसेंबरात दोन ट्यूबचं एपॉक्सी आणलं. मी साधं, सावकाश वाळणारं ॲराल्डाइट घेतलं, पाच मिनिटांत वाळणारं मुद्दाम टाळलं. टवका नीट बसवून, सरकवून बघायला वेळ मिळतो. पण खरी मेहनत गोंद लावायच्या आधीची आहे, आणि तीच बहुतेक जण टाळतात. जुना गोंद ॲसिटोन असलेल्या नेलपॉलिश रिमूव्हरने पूर्ण काढला. ग्रॅनाइट वरून कोरडा दिसला तरी तुटलेली बाजू पाणी शोषून असते, म्हणून रात्रभर सिंक बंद ठेवलं आणि सकाळी हेअर ड्रायरने ती जागा वाळवली. जुन्या लग्नपत्रिकेच्या पाठीवर दोन्ही ट्यूबमधून सारखंच काढलं आणि त्यात हार्डवेअरच्या दुकानात सिमेंटसाठी मिळतो तो काळा रंग चिमटीभर मिसळला. घोटता घोटता ते डांबरासारखं दिसायला लागतं. दोन्ही बाजूंना पातळ थर लावला, टवका दाबला आणि कागदी चिकटपट्टीने बांधून ठेवला. बाहेर आलेलं एपॉक्सी रबरासारखं झालं की दाढीच्या ब्लेडने तासून काढायचं. पूर्ण कडक झाल्यावर ते हलत नाही. चोवीस तास ओट्याला हात लावू दिला नाही. हातमोजे घालाच, कच्चं एपॉक्सी काहींच्या त्वचेला सोसत नाही.

आज सात महिन्यांनी नख फिरवलं तर जोड किंचित जाणवतो, डोळ्याला मात्र शोधावा लागतो. त्याची मर्यादा उष्णतेची. घरी वाळवलेलं साधं एपॉक्सी साठ-सत्तर अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं. म्हणून त्या कडेवर तापलेला तवा किंवा कुकर थेट ठेवत नाही, अडणी तिथेच टांगून ठेवली आहे. शेगडीला लागून टवका उडाला असता तर मी एपॉक्सीवर इतका विसंबलो नसतो.

ओटा आणि टाइल्समधली फट हे वेगळं प्रकरण. तिथून मुंग्या यायच्या आणि पाणी मागे झिरपायचं. आधी पांढरं सिमेंट भरलेलं होतं, ते दरवर्षी तडकायचं. तिथे ताठ काही टिकत नाही, ताणलं जाणारंच हवं, म्हणून बुरशीरोधक सिलिकॉन भरलं. मुंग्या बंद झाल्या, पाणीही थांबलं. पण पारदर्शक घेतलं ही चूक झाली. पाऊस सुरू झाल्यापासून नळामागे काळे ठिपके दिसू लागलेत. पुन्हा करेन तेव्हा काळंच घेईन, आणि रोज रात्री ती रेघ कोरडी पुसायची सवय ठेवेन.

कडाप्प्याचा ओटा असेल तर मात्र थांबा. आईकडे तोच आहे. तिथे मी व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन लावलं आणि कडेने बोटभर रुंदीचा पांढुरका, निस्तेज पट्टा उमटला. कडाप्पा हा चुनखडीचा दगड, त्याला आम्ल चालत नाही. लिंबाचा किंवा कोकमाचा डाग पडतो तो याच कारणाने. ग्रॅनाइटला त्याचा त्रास नाही. कडाप्प्यासाठी दुकानात ‘न्यूट्रल’ सिलिकॉन मागायचं, त्याला तो वास नसतो. आणि ग्रॅनाइटवर चालतं म्हणून ब्लेड कडाप्प्यावर फिरवू नका, ओरखडे उठतात.

आईच्या ओट्याला सिंकजवळ एक केसाएवढी चीरही आहे. ती एपॉक्सीने भरणार आहे, पण दसऱ्यानंतर. सध्या तो दगड हाताला सतत ओलसर लागतो.