आठ महिने, 8,496 रुपये आणि एक 'दवाय'

भाषांतराच्या या ॲपचं नाव लिहीत नाहीये, कारण रिफंडचं भांडण अजून चालू आहे आणि त्याला मला नवीन फाटा फोडायचा नाहीये. रशियनमधून इंग्रजी सबटायटल्स करणाऱ्यांना वर्णनावरून कळेलच. वार्षिक प्लॅन, 7,200 वर 18 टक्के जीएसटी, एकूण 8,496. सबटायटल्सचं काम देणारी एजन्सी यातला एक रुपया देत नाही, सगळे माझ्या खिशातले, तेव्हा पुढचं सगळं त्या हिशोबानेच वाचा.

फीचर्स वगैरे सांगत बसत नाही, ते सगळ्यांना माहितीये. मी मागच्या वर्षी घेतलं ते एकाच कारणाने, ट्रायलमध्ये मी त्याला मुद्दाम बोलीभाषेतलं अवघड-अवघड टाकून बघितलं आणि पठ्ठ्याने सगळं बरोबर दिलं. कानाला शेवया लटकवू नकोस (म्हणजे आपलं शेंडी लावू नकोस) याचं 'स्टॉप पुलिंग माय लेग'. डोंगरावर खेकड्याचा भाऊबंद शिट्टी मारेल तेव्हा, याचं 'व्हेन पिग्ज फ्लाय'. 'ह्याने यात कुत्रा खाल्लाय' याचं 'ही नोज हिज स्टफ', आपण कसं कायदा कोळून प्यायलाय म्हणतो तसं. 'हात पोचत नाहीत' याचं मी आधी स्वतः काहीतरी लांबलचक केलं होतं, त्याने सरळ 'हॅव्हन्ट गॉट अराउंड टू इट' दिलं. मी खूश. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटला रशियन शिकताना अशा एकेका वाक्यासाठी लायब्ररीतला जाड कोश उपसलेला आठवला आणि लगेच कार्ड काढलं. चूक तिथेच झाली.

कारण कोशात सापडेल ते कुठलंही ॲप देणारच ना! शेवया, खेकडा, कुत्रा, हे दिसायला भारी असतं आणि म्हणून कुणीतरी कधीच लिहून ठेवलेलं असतं. पण 45 मिनिटांच्या एका एपिसोडमध्ये असं काही दोनदा येतं, फार तर तीनदा. बाकी पूर्णवेळ लोक काय बोलतात तर नू (बरं), वोत (हे बघ), दा लाद्ना (जाऊ दे), आणि दवाय.

आता हा दवाय. मूळ अर्थ 'दे', पण कुणी काही देत-घेत नसताना दिवसातून शंभरदा म्हणतात. सिनेमाला जाऊ या म्हणताना दवाय, सातला भेटू म्हटलं की 'चालेल' म्हणून दवाय, खेळाडूला ओरडून दवाय, ग्लास उचलताना दवाय, आणि फोन ठेवताना तर हमखास दवाय. ॲपला यातलं एकच माहीत, 'कम ऑन'. फार तर 'लेट्स'.

तिसऱ्या महिन्यात एक सीन आला, आई गावाकडे, मुलगा मॉस्कोत हॉस्पिटलमध्ये, उद्या ऑपरेशन. दोघं फोनवर चार मिनिटं बटाट्याबद्दल बोलतात, ऑपरेशनचा विषयही नाही, आणि शेवटी ती म्हणते, 'नू फ्स्यो, दवाय.' ॲपने दिलं, 'वेल, दॅट्स इट, कम ऑन.' माझ्या हातात त्या रात्री दोन एपिसोड होते, माझ्याही नजरेतून सुटलं, फाइल गेली. दुसऱ्या दिवशी एजन्सीचा मेल, आई मुलावर का चिडली आहे? आणि त्या एपिसोडचे 10 टक्के कापले. एका 'कम ऑन'चे!

दुरुस्ती करायला बसले तर मलाही चटकन सुचेना, हे खरं सांगते. 'गुडबाय' फार जड, उद्या ऑपरेशन असताना तर नकोच. 'लव्ह यू' ती बाई जन्मात म्हणणार नाही. तेवढ्यात सांगलीहून आईचा फोन, गॅस सिलेंडर आला नाही, शेजारच्यांचं लग्न ठरलं, आणि शेवटी नेहमीप्रमाणे, 'बरं चल, ठेवते.' फोन खाली ठेवला आणि तशीच बसून राहिले. चल! कोण कुठे चाललंय? आपण तरी काय वेगळं करतो, चल जाऊ या, चल काहीतरीच काय, चल निघ इथून, चल ठेवते. मी 'ऑलराइट then' टाइप केलं, then खोडलं, शेवटी 'ऑलराइट. यू टेक केअर.' सबटायटलच्या 42 अक्षरांच्या ओळीत आरामात बसलं.

तेव्हापासून मी हा दवाय मोजायला लागले, वेड लागल्यासारखं. वहीत रेघा. एका एपिसोडमध्ये 31, त्यातले ॲपने बरोबर दिलेले 12. नवरा म्हणाला एका शब्दासाठी एवढं काय, त्याला म्हटलं एका शब्दामागे पैसे कापले गेले ना.

बाकीच्या चुका पण सांगते. परीक्षेला निघालेल्या मुलीला घरचे म्हणतात, 'नि पूखा नि पिरा', पीस नाही की पंख नाही, शिकाऱ्यांमधून आलेली शुभेच्छा, थेट शुभ बोललं तर उलटं होतं म्हणून. त्यावर 'क चोर्तु' असं उत्तर द्यावंच लागतं, सैतानाकडे जा, आभार मानायचे नसतात. ॲपने आईला 'ब्रेक अ लेग' दिलं, छान, आणि मुलीला 'गो टू हेल'. सोळा वर्षांची मुलगी हसत हसत आईला नरकात पाठवते. बन्यातून, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरातून, अंघोळ करून बाहेर आलेल्याला जे म्हणतात त्याचं 'एन्जॉय युअर बाथ'. अरे तो टॉवेल गुंडाळून बाहेर आलाय! 'दा न्येत, नवेर्नये' म्हणजे शब्दशः हो नाही बहुतेक, त्याचं 'यस नो मेबी'. त्याचा अर्थ साधा, 'नाही, बहुतेक नकोच'.

पाच महिन्यांनंतरची भर. अपडेट आलं आणि वर लिहिलेलं निम्मं मला मागे घ्यावं लागतंय. आता एक चौकट आलीय, तिथे सीन काय आहे ते लिहायचं आणि आधीच्या-नंतरच्या ओळी टाकायच्या. मी पहिलं काय टाकलं असेल? तोच फोन. 'आई-मुलगा, फोन संपतोय, उद्या ऑपरेशन, आई भावना दाखवत नाही.' उत्तर आलं, 'ओके. ऑफ यू गो, देन.' माझ्यापेक्षा बरं आहे की काय अशी शंका आली, म्हणजे त्या बाईच्या तोंडी जास्त शोभतं. रात्री साडेअकराला मी एकटी स्वयंपाकघरात हसत होते. 'क चोर्तु'चंही 'हिअर गोज' दिलं. दवायचा स्कोअर 31 पैकी 26 वर गेला (तोच एपिसोड परत चालवून बघितला, महिन्याचा अक्षरांचा कोटा जाळून).

पण मग नवीनच रोग. आता ते फार इंग्रजी झालंय. खेड्यातली ऐंशीची आजी 'माय बॅड' म्हणते. ट्रॅक्टर ड्रायव्हर 'ड्यूड'. आणि सबटायटलमध्ये मागे चित्र असतं हे त्याला कळतच नाही, आजी दृष्ट लागू नये म्हणून डाव्या खांद्यावरून तीनदा थू-थू करते आणि टेबलावर टकटक करते, खाली ओळ येते 'फिंगर्स क्रॉस्ड'. बोटं कुठेयत? 'नॉक ऑन वुड' समोर दिसतंय!

आमच्या मॅडम वर्गात सोव्हिएत नेता ख्रुश्चेव्हचं सांगायच्या. 1959 मध्ये मॉस्कोत सोकोल्निकीला अमेरिकन प्रदर्शन भरलं होतं, तिथे तो अमेरिकेच्या उपाध्यक्षाला, निक्सनला, म्हणाला तुम्हाला कुझकाची आई दाखवू, आणि इंग्रजीत ते कसं सांगायचं यावर दुभाषी अडला. नुसता इंगा दाखवू एवढाच अर्थ. (इंगा म्हणजे नक्की काय ते आपल्याला तरी कुठे विचारलं तर सांगता येतं.) हे जुन्या व्हर्जनला टाकलं तर कुझकाची आई जशीच्या तशी आली, नव्याला टाकलं तर 'वी विल किक युअर बट'. आता सांगा, दोन्हीतलं कुठलं घ्यायचं. मी 'वी'ल शो यू व्हॉट्स व्हॉट' घेतलं असतं.

आता पैशाचं, म्हणजे मुख्य विषय. महिन्याला 5 लाख कॅरेक्टर्सचा कोटा. चौकट वापरायला लागल्यापासून जास्त जातात हे मान्य, पण 14 तारखेला संपला म्हणजे काहीतरी घोळ होता. म्हणून 1000 अक्षरांचा इंग्रजी मजकूर टाकला, काउंटरवर 1000 पडले. तेवढाच रशियन टाकला, 1,830! डोकं फिरलं. भाच्याला विचारलं, तो सॉफ्टवेअरमध्ये आहे, तो म्हणाला मावशी ते अक्षरं मोजत नाहीयेत, बाइट (कॉम्प्युटरमधली जागा) मोजतायत, यूटीएफ-8 या अक्षरं साठवायच्या पद्धतीत रशियन अक्षराला दोन बाइट लागतात, स्पेस आणि स्वल्पविरामाला एक. आणि देवनागरीला तीन. म्हणजे मराठीवाल्यांनी तर तिकडे फिरकूच नका, काना-मात्रा पण वेगळ्या मोजल्या जातात. रशियनच्या भाषांतरासाठी विकलेला प्लॅन आणि रशियनलाच जवळजवळ दुप्पट मीटर, रिक्षावाला बरा.

सपोर्टला स्क्रीनशॉटसकट लिहिलं. 'डिअर व्हॅल्यूड कस्टमर, युअर यूसेज इज अ‍ॅज पर पॉलिसी.' पॉलिसीत बाइट शब्द कुठेय विचारलं तर चॅट बंद. चार मेल, दोन आठवडे, मग म्हणे गुडविल म्हणून तीन महिने जादा कोटा देतो, रिफंड नाही. जादा कोटा घेतला (सोडते कशाला), आणि रिफंडही मागतेच आहे.

सध्या असं करते, आधी पूर्ण एपिसोड हाताने, जिथे अडेल तेवढीच ओळ चौकटीत. कोटा महिनाभर पुरतो. दवाय मात्र एकही त्याच्यावर सोडत नाही, ते सगळे माझे.

5 पैकी 3 स्टार. काउंटर सुधारला तर 4 करेन. घेणारच असाल तर मंथली घ्या, आणि घेतल्या घेतल्या ऑटो-रिन्यूअल बंद करा. ते बटण अकाउंटमध्ये शोधू नका, बिलिंगमध्ये अगदी तळाला आहे, राखाडी पाटीवर राखाडी अक्षरात.