चुंबक चिकटला नाही, तिथेच मी फसलो

आमचे वडील साताऱ्यात जुन्या जीपा घ्यायचे आणि विकायचे. गाडी बघायला निघाले की खिशात एक चुंबक असायचा. तो पत्र्यावरून फिरवायचे. जिथे चिकटला नाही तिथे रंगाखाली खड्डा बुजवायची पुटी, म्हणजे गाडी ठोकलेली. एवढ्या एका युक्तीवर त्यांनी पंचवीस वर्षं धंदा केला.

फेब्रुवारी २०२४ मध्ये ह्यूस्टनच्या पश्चिमेला, केटीजवळच्या एका लॉटवर, म्हणजे जुन्या गाड्या विकायच्या आवारात, मी तसाच चुंबक घेऊन गेलो. फ्रिजवरचा, गणपतीचं चित्र असलेला. समोर २०१८ चा फोर्ड एफ-१५० पिकअप ट्रक, चार दारांचा. बॉनेटवर चुंबक ठेवला तर तो घसरून खाली पडला. दारावर ठेवला, पडला. मागच्या बेडवर, म्हणजे सामानाच्या हौद्यावर ठेवला, तिथेही तेच. मी घाबरून विचारलं, "अख्खी गाडीच पुटीची आहे का?"

सोबतचा गृहस्थ खो खो हसला. "अहो दादा, २०१५ पासून ह्या ट्रकची बॉडी ॲल्युमिनियमची असते. चुंबक चिकटणार कसा?"

हे शंभर टक्के खरं आहे. त्याने मला त्या दिवशी सांगितलेली ती एकमेव खरी गोष्ट. पण माझं हसं झालं होतं, आणि हसं झालेला माणूस पुढचे प्रश्न विचारत नाही. "ह्याला कळतं, आपल्याला कळत नाही" एवढं मनात बसलं आणि मी मान डोलवत राहिलो.

हा गृहस्थ मराठीच. मंडळाच्या कार्यक्रमात ओळख झालेली. लॉट त्याचा नव्हता, तो "आपल्या लोकांना चांगली गाडी मिळवून देतो" म्हणायचा. त्याला लॉटवाल्याकडून पैसे मिळतात हे मला नंतर कळलं. खरं तर आधीच कळायला हवं होतं, कारण फुकट कोण शनिवार घालवतो?

ट्रक कशाला हवा होता तेही सांगतो. रोज आय-१० हायवेवरून जाऊन-येऊन पन्नास मैल ऑफिस. शिवाय आम्ही दोन कुटुंबांनी मिळून एक छोटा कॅम्पर, म्हणजे ट्रकमागे ओढायचं चाकांवरचं घर, घेतला होता, भरल्यावर साधारण ४,८०० पौंडांचा. वर्षातून चार-पाच वेळा तो हिल कंट्रीत, टेक्ससच्या डोंगराळ भागात, न्यायचा, बाकी दिवस ट्रक रिकामाच पळणार. म्हणून आठ सिलिंडरचं मोठं व्ही-८ इंजिन नको, फोर्डचं २.७ लिटरचं छोटं टर्बो इंजिन, इकोबूस्ट, बरं, हा हिशोब मी स्वतः केला होता आणि तो चूक नव्हता. टू-व्हील ड्राइव्हला एका गॅलनला शहरात २० आणि हायवेवर २६ मैलांचा सरकारी आकडा आहे. ट्रॅफिकमध्ये मला १९ मिळायचे. पावणेसहा मीटरच्या वर लांबीची गाडी ऑफिसच्या पार्किंगमध्ये घालणं हा वेगळा छळ, पण त्याचा दोष कोणाला देणार?

जाहिरातीत लिहिलं होतं "मॅक्स टो पॅकेज", म्हणजे जड ट्रेलर ओढायला कारखान्यातूनच लावलेली सगळी जोडणी. तोंडी सांगितलं, "१३,००० पौंड आरामात ओढतो." मागे हिच रिसीव्हर, म्हणजे ट्रेलर अडकवायची लोखंडी खोबण, दिसत होता, त्याखाली वायरचं सॉकेट होतं, मी खूश. १३,००० च्या घरातला आकडा त्या वर्षी ३.५ लिटर इकोबूस्टच्या ठरावीक जोडणीचा असतो, माझ्या इंजिनाचा नाही. हे घरी बसून पाच मिनिटांत वाचता आलं असतं. मी वाचलं नाही, कारण मला १३,००० लागतच नव्हते. माझे ४,८०० त्यात दोनदा बसत होते. मोठ्या आकड्याची खोटी थाप छोट्या गरजेच्या माणसाला टोचत नाही, हे विकणाऱ्यांना बरोबर ठाऊक असतं.

किंमत बाजारापेक्षा तीन हजार डॉलर कमी. मी म्हटलं, माझ्या ओळखीच्या मेकॅनिककडून तपासून घेतो. उत्तर आलं, "दादा, इन्शुरन्समुळे गाडी लॉटबाहेर देत नाहीत. आणि संध्याकाळी दुसरं गिऱ्हाईक येतंय." मेकॅनिकला लॉटवर बोलावता आलं असतं. दीडशे डॉलरचं काम. मी गाडीचा हिस्टरी रिपोर्ट, म्हणजे आधीच्या नोंदणी-अपघातांचा अहवाल, बघितला, तो स्वच्छ होता. टायटल, म्हणजे मालकीचा कागद, तोही स्वच्छ. सही केली. काचेवर बायर्स गाइडचा कागद होता, फेडरल नियमानुसार तो लावावाच लागतो. त्यात "ॲज इज" च्या चौकटीत खूण होती. म्हणजे घेतल्यानंतर काहीही निघालं तर खर्च तुमचा. बायको म्हणाली, "तीन दिवसांत परत करता येते ना?" मीही तसंच ऐकलं होतं. नाही येत. डीलरच्या जागेवर घेतलेल्या गाडीला तो नियम लागू नाही.

मार्चमध्ये स्टोरेजमधून कॅम्पर पहिल्यांदा जोडला. दिवे लागले. हायवेशेजारच्या फीडर रोडवर लाल सिग्नलला ब्रेक दाबला आणि मागून कोणीतरी ढकलल्यासारखं झालं. ट्रक थांबत होता, कॅम्परला थांबायचं नव्हतं. पुढच्या गाडीपासून हातभर अंतरावर थांबलो. मुलगा मागच्या सीटवरून म्हणाला, "बाबा, परत करा ना तसं." त्याला मजा वाटली होती.

ट्रेलरला त्याचे स्वतःचे इलेक्ट्रिक ब्रेक असतात, पण ते दाबायला ट्रकमध्ये ब्रेक कंट्रोलर लागतो आणि मागे सात पिनांचं सॉकेट लागतं. चार पिनांचं सॉकेट फक्त दिवे लावतं. टेक्ससमध्ये ४,५०० पौंडांच्या वरच्या ट्रेलरला ब्रेक कायद्यानेच हवेत. माझ्या ट्रकला चार पिना होत्या. "कंट्रोलर नंतर बसवा, वायरिंग तयार आहे" असं मला सांगितलेलं.

ट्रेलरच्या दुकानातल्या म्हाताऱ्या मेक्सिकन मिस्त्रीने खाली वाकून बघितलं आणि म्हणाला, वायरिंग कसलं, टेललाइटच्या वायरीला टोचून जोड दिलाय. हिच रिसीव्हरही बाहेरून आणून बोल्टांनी बसवलेला. मग त्याने ड्रायव्हरचं दार उघडून चौकटीवरची स्टिकर्स मला दाखवली. पिवळ्या स्टिकरवर माणसं आणि सामान मिळून जास्तीत जास्त वजन: १,५४० पौंड. ट्रेलरच्या वजनातला दहा ते पंधरा टक्के भार हिचवर येतो आणि तो ह्या आकड्यातूनच वजा होतो. आम्ही चौघं सव्वासहाशे, हिचवरचे सहाशे, बेडमधले सायकली-जनरेटर अडीचशे. संपलं. कागदावर बसतंय, पण सासू-सासरे आले तर बसत नाही. फोर्ड डीलरच्या पार्ट्स काउंटरवर व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, देऊन गाडी कारखान्यातून काय काय लावून निघाली तो कागद काढला, त्यात टो पॅकेज नव्हतंच. तसं नसेल तर मर्यादा ५,००० पौंड.

इथपर्यंत मी म्हणत होतो, ठीक आहे, हजार-बाराशे डॉलरचा चुना लागला. नवीन वायरिंग घालू.

नवीन वायर बॅटरीपासून मागपर्यंत न्यायला मिस्त्रीने दाराजवळची पट्टी काढली आणि कार्पेट उचललं. खालचं स्पंज ओलसर, त्यावर बारीक करडी रेती. कनेक्टर उघडला तर आत हिरवी बुरशी धरावी तसे तांब्याचे क्षार. मग त्याने ड्रायव्हरचा सीटबेल्ट शेवटपर्यंत, अगदी बाहेर येईल तेवढा ओढला. एरवी गुंडाळलेल्या असणाऱ्या भागावर मातीची आडवी रेघ. सीटखालचे बोल्ट गंजून सोललेले. तो इंग्रजीत एवढंच म्हणाला, "खारं पाणी."

आणि तेव्हा चुंबकाची गोष्ट आठवली. ॲल्युमिनियमला तांबडा गंज येत नाही. साध्या पत्र्याच्या गाडीत पुराचं पाणी शिरलं तर वर्षभरात कडा तांबडी होते, फोड येतात, नवशिक्यालाही दिसतं. ह्या ट्रकची बॉडी चकचकीतच राहते. गंजतं ते आतलं लोखंड: सीटचे बोल्ट, कंस, खालची चेसिस. चेसिसला त्यांनी नवा काळा रंग मारला होता. मी तो बघून "वा, काय ठेवलीये गाडी" म्हणालो होतो.

हिस्टरी रिपोर्ट परत काढला. २०२२ पर्यंत फ्लोरिडात, फोर्ट मायर्सला नोंदणी. मग काही महिने कोरे. मग जॉर्जियात लिलाव, मग टेक्सस. २८ सप्टेंबर २०२२ ला इयान चक्रीवादळ त्याच किनाऱ्यावर आदळलं होतं, समुद्र घरांत शिरला होता. सगळं माझ्या डोळ्यांसमोर छापलेलं होतं, मी फक्त "अपघात नाही" ही ओळ वाचली. आधीच्या मालकाकडे पुराला धरून असलेला विमा नसेल तर दावा होत नाही. दावा नाही म्हणजे टायटलवर पुराचा शिक्का नाही आणि रिपोर्ट स्वच्छ. ह्यात कोणी कागद खोटा केलेला नसतो. कागदाला माहीतच नसतं.

गाडीतला लिंबाचा वास, एसी लावल्यावर त्याखालून येणारा कुबट वास, उजवी मागची काच आपोआप खाली जाणं, हे सगळं पहिल्या आठवड्यापासून होतं. मी मुलावर ओरडत होतो.

लॉटवाल्याने "ॲज इज" वर बोट ठेवलं. आपला मराठी माणूस म्हणाला, "दादा, मी फक्त ओळख करून दिली हो." नंतर फोन उचलेना. जाहिरात गायब झाली होती. वाचवलं ते बायकोने. गाडी घ्यायच्या आधी तिने जाहिरातीचा स्क्रीनशॉट भावाला व्हॉट्सॲपवर पाठवला होता, "कशी वाटते?" म्हणून. त्यात "मॅक्स टो पॅकेज" स्पष्ट लिहिलेलं, तारखेसकट. वकिलीणबाई म्हणाल्या, "ॲज इज" असलं तरी खोटं सांगून विकणाऱ्याला त्याने संरक्षण मिळत नाही. टेक्ससच्या ग्राहक कायद्याखाली दावा लावायच्या आधी साठ दिवसांची लेखी नोटीस लागते. ती धाडली, सोबत राज्याच्या मोटार वाहन विभागाकडे तक्रार, कारण डीलरचं लायसन्स त्यांच्या हातात. पंचावन्नाव्या दिवशी ५,५०० डॉलरवर तडजोड झाली. पुराचं लॉटवाल्याने शेवटपर्यंत कबूल केलं नाही, टो पॅकेजवरच पैसे दिले. ट्रक मी पुराचं लिहून देऊन स्पेअर पार्टवाल्याला विकला. तो १९ मैल देत होता तरी पोरांना त्यात बसवायची माझी हिंमत नव्हती. सगळी वजाबाकी केली तर अकरा हजार गेले.

कॅम्पर अजून स्टोरेजमध्ये आहे. मागच्या शनिवारी एक २०१९ चा जीएमसी सिएरा पिकअप बघायला गेलो होतो, ह्यावेळी एकटाच. आधी दाराच्या चौकटीचे फोटो काढले. मग सीटबेल्ट ओढला, स्वच्छ होता. मग जमिनीवर गुडघे टेकून सीटखाली टॉर्च मारला. चारही बोल्ट नवेकोरे, दुकानातून आणल्यासारखे चमकत होते. विकणारा मागे उभा राहून म्हणत होता, "सर, एकदा चालवून तर बघा." मी पँटवरची धूळ झटकली आणि त्याला विचारलं, पाच वर्षांच्या गाडीचे सीटचे बोल्ट कोणी आणि का बदलले? तो ऑफिसमध्ये विचारून येतो म्हणाला. मी वीस मिनिटं थांबलो, मग घरी आलो.