स्पॅनिश वहीचं पहिलं पान: हाताने रंगवायचं की कात्रणं चिकटवायची?

कात्रणांचं पान लवकर होतं, हे मान्य. जुन्या मासिकांतली चित्रं कापायची, डिंक लावायचा, अर्ध्या तासात काम फत्ते. चित्रकलेला घाबरणाऱ्या मुलाला तर हा मोठाच दिलासा. पण डिंक जास्त झाला की पान फुगतं. बैल, पंखा, गिटार सगळं चिकटवून झालं तरी भाषा कुठेच दिसत नाही. आणि कापाकापी शेवटी आईबाबाच करत बसतात!

हाताने रंगवायला अख्खी संध्याकाळ जाते. मात्र तेवढा वेळ मूल अक्षरांशी खेळतं. ‘एस्पान्योल’ (म्हणजे ‘स्पॅनिश’) लिहिताना एनच्या डोक्यावर नागमोडी रेघ काढावीच लागते. तिची लाट करा, मिशी करा, साप करा. रेघवाला एन (ñ) हे स्पॅनिशमधलं स्वतंत्र अक्षर, म्हणून तिथली वर्णमाला इंग्रजीसारखी २६ ऐवजी २७ अक्षरांची. उलटं प्रश्नचिन्ह तर मुलांना भलतंच आवडतं. प्रश्न सुरू होतानाच ते येतं. स्पेनच्या भाषा अकादमीने १७५४ मध्ये ही पद्धत आणली. दिसायला ते हुबेहूब गळासारखं, तेव्हा खाली एक मासा लटकवा. झेंडा काढायचा असेल तर मधला पिवळा पट्टा प्रत्येक लाल पट्ट्याच्या दुप्पट रुंद हवा. अर्थात स्पॅनिश २० देशांची राजभाषा आहे, एकट्या स्पेनवर थांबायचं कारण नाही.

माझं मत हाताच्या बाजूने; कोपऱ्यात एखादं कात्रण चालेल. फक्त स्केचपेनची शाई मागच्या पानावर उतरते, म्हणून रंगीत पेन्सिली बऱ्या.