फॅक्टरी रिसेट केलं आणि ड्रमकिटचं सोंग उतरलं

वापरलेलं इलेक्ट्रॉनिक ड्रमकिट घ्यायच्या विचारात असाल तर पैसे देण्याआधी हे वाचा. माझे पैसे गेले ते गेलेच. पण ज्या युक्तीने मला फसवलं ती इतकी सोपी आहे की उद्या आणखी कुणावरही सहज चालेल.

मला घरी सराव करायचा होता, खालच्या-वरच्यांची झोप न मोडता. जाहिरातीत लिहिलं होतं, 'सगळे पॅड मेशचे, जेमतेम वापरलेलं, आवाज अजिबात नाही, रात्री दोनलाही वाजवा.' (मेश म्हणजे पॅडवर ताणलेली जाळी.) बघायला गेले तेव्हा किट जोडून तयारच होतं. त्या गृहस्थांनी स्वतःचे हेडफोन माझ्या हातात दिले, आवाज चांगलाच मोठा ठेवलेला, आणि म्हणाले, 'वाजवा बिनधास्त.' मी एक साधा ठेका धरला, दोन-चार रोल काढले, क्रॅशवर, म्हणजे मोठ्या झांजेवर, दणका दिला. सगळं खणखणीत. 'संध्याकाळी आणखी दोघं बघायला येतायत,' हेही त्यांनी सांगून टाकलं. मी पैसे दिले आणि किट घरी आणलं.

पहिल्याच दिवशी खटकलं. किक (पायाने वाजवायचा ड्रम) मारली की स्नेअर (समोरचा मुख्य ड्रम) बारीक आवाजात बोलायचा. टॉमवर (बाकीच्या ड्रमवर) मारलं तरी स्नेअर. याला क्रॉसटॉक म्हणतात. पॅड एकाच रॅकवर बसवलेले असतात, एकाची थरथर दुसऱ्याच्या सेन्सरपर्यंत पोचते आणि मॉड्यूलला, म्हणजे आवाज काढणाऱ्या डब्याला, वाटतं की तिथेही काठी पडली. कुठलं तरी सेटिंग हललं असेल म्हणून मी फॅक्टरी रिसेट केलं.

रिसेटनंतर स्नेअर जवळजवळ मुका झाला. जोरात मारलं तर कसाबसा वाजायचा, घोस्ट नोट, म्हणजे अगदी हलका ठोका, एकही उमटेना. क्रॅशचं तर वेगळंच. काठी पडली की 'टक्', आणि आवाज तिथेच बंद, जणू कुणीतरी कडा मुठीत धरून ठेवली आहे.

मग ड्रम-की घेऊन स्नेअरचे स्क्रू सोडले आणि मेश उचलला. मध्यभागी फोमचा छोटा शंकू असतो, त्याच्या खाली पिएझो सेन्सर, म्हणजे थरथर टिपणारी चकती. शंकूचं टोक पॅडच्या कडेपेक्षा किंचित वर असावं लागतं, म्हणजे ते ताणलेल्या मेशला सतत टेकून राहतं. माझ्या पॅडमधला शंकू दबून चपटा झाला होता, बोटाने दाबला तर परत वर येत नव्हता. खालची पिएझोची चकती एका बाजूने सुटलेली. आणि हे म्हणे जेमतेम वापरलेलं किट!

आता सगळा उलगडा झाला. त्यांनी मॉड्यूलमध्ये स्नेअरची सेन्सिटिव्हिटी शेवटपर्यंत चढवली होती आणि थ्रेशोल्ड (किती हलका ठोका नोंदवायचा ती मर्यादा) पार खाली आणला होता, म्हणून मेलेला पॅडही जिवंत वाटत होता. क्रॉसटॉक त्यामुळेच येत होता. क्रॅशच्या कडेचा सेन्सर आतल्या आत कायमचा दाबला गेला होता, म्हणून मॉड्यूलला वाटत होतं की झांज कुणीतरी धरून ठेवली आहे. ते लपवायला त्यांनी पॅडचा प्रकार बदलून एकाच झोनचा, म्हणजे कडा वेगळी न ओळखणारा, केला होता. हे नजरचुकीने होत नाही, मेनूत आत-आत जाऊन मुद्दाम करावं लागतं. याचाच मला सगळ्यात जास्त राग आहे.

'आवाज नाही' हीसुद्धा थापच. मेश फक्त स्नेअरला होता. टॉम आणि किकचा पॅड रबरी. मेशच्या जाळीतून हवा आरपार जाते म्हणून तो शांत असतो. रबरावर काठी ठकठक वाजतेच. रोलंड कंपनीने १९९७ मध्ये टीडी-१० या मॉड्यूलबरोबर मेशचे पॅड आणले, तेव्हापासून शांत किट म्हटलं की हाच शब्द पुढे केला जातो. पण किट पूर्ण मेशचं असलं तरी झांजा बहुतेक रबरीच असतात, आणि खरा त्रास किकचा. बीटरचा (पेडलच्या हातोडीचा) ठोसा पेडलमधून फरशीत आणि फरशीतून खालच्या घराच्या छतात उतरतो. सतरंजी घालून फारसा फरक पडत नाही. माझ्या कानावर हेडफोन होते, म्हणून बघायला गेले तेव्हा यातलं काहीच मला ऐकू आलं नाही.

वापरलेलं किट बघायला जाल तेव्हा हेडफोन स्वतःचे न्या. आधी समोरच फॅक्टरी रिसेट करून घ्या. त्यात मालकाने साठवलेले साउंड पुसले जातात, तेव्हा ते आधी जपून ठेवायला त्यांना वेळ द्या. पण त्यानंतरही टाळाटाळ झाली तर तिथून उठा. मग ठेका वाजवू नका, एकेक पॅड वेगळा तपासा. काठी अगदी हलकी टेकवण्यापासून सुरुवात करून हळूहळू जोर वाढवा, आवाजही तसाच पायरीपायरीने वाढला पाहिजे. मधोमध मारा, कडेजवळ मारा, रिमवर, म्हणजे बाहेरच्या कडीवर, मारा. झांज वाजवून कडा चिमटीत धरा, आवाज थांबायला हवा. हाय-हॅटचं (पायाने उघडझाप होणाऱ्या झांजांचं) पेडल अर्धं दाबून बघा. शेवटी हेडफोन काढा, वाजवायला दुसऱ्याला बसवा आणि आपण शेजारच्या खोलीत जाऊन उभं राहा. जमिनीवर तळहात ठेवलात तर किक किती उतरते ते लगेच कळेल.

मी त्या गृहस्थांना फोन केला. 'तुम्ही स्वतः वाजवून घेतलंत ना?' एवढंच म्हणाले. त्यानंतर माझा नंबर ब्लॉक.

स्नेअरचा शंकू आणि पिएझो मी बदलून घेतला, तो आता छान बोलतो. क्रॅशची कडा दुरुस्त झाली नाही, म्हणून नाइलाजाने तो एकाच झोनवर ठेवलाय. किकखाली दोन फळ्यांमध्ये टेनिसचे चेंडू बसवून चौथरा केला आणि खालच्या काकूंना विचारून आले. दिवसा काही जाणवत नाही म्हणाल्या, पण रात्री सगळं शांत झालं की थोडं ऐकू येतं. म्हणून रात्री मी पाय बाजूला ठेवते आणि स्नेअरवर फक्त हातांचा सराव करते.