कासच्या फुलांचं बी म्हणून आलेली पाकिटं

साताऱ्यातल्या बागवाल्यांमध्ये व्हॉट्सअ‍ॅपवर एक निरोप फिरतोय: ‘कास पठारावरच्या रानफुलांचं अस्सल, ताजं बी. बदल्यात तुमचं बी चालेल, वर थोडा खर्च.’ कृपा करून नादी लागू नका. माझे ६०० रुपये तर गेलेच, पण जास्त हळहळ वाटते ती दिलेल्या तेरड्याच्या आणि कुर्डूच्या बियांची. तेरड्याचं बोंड पिकलं की नुसत्या स्पर्शाने तडकतं आणि बी उडून जातं. म्हणून ते मुठीत धरूनच खुडावं लागतं. आमच्याकडे तेरड्याच्या गौरी असतात, त्यामुळे हे बी मी दरवर्षी जपून ठेवते.

बदल्यात तीन पाकिटं आली. ‘सोनकी’च्या पाकिटात काळपट, लांबट, किंचित वाकड्या बिया निघाल्या, टोकाला दोन बारीक कुसं. सोनकीचं बी इवलंसं असतं. हा पिवळा कॉसमॉस, मूळचा मेक्सिकोकडचा. ‘सीतेची आसवे’ लिहिलेल्या पाकिटातले काळे दाणे वाटीत भिजवले, तर थोड्याच वेळात प्रत्येकाभोवती बुळबुळीत आवरण फुगलं. फालुद्यात घालतो तो सब्जा! सीतेच्या आसवांचं बी खसखशीहून बारीक असतं. ही कीटकभक्षी वनस्पती कातळावरच्या पातळ, चिंब, निकस मातीत वाढते आणि मातीतल्या सूक्ष्म पिशव्यांत बारीक जीव पकडते. ‘शेणखत घालून कुंडीत लावा’ असं तो माणूस सांगत होता, यातच सगळं आलं. तिसऱ्या पाकिटातला ‘कवला’ उगवलाच नाही. विचारल्यावर म्हणाला, तुमच्या मातीत दोष असेल. मग नंबर ब्लॉक.

आणि बी खरं असतं तरी ते घ्यायचं का? कास २०१२ पासून जागतिक वारसा यादीत आहे, तिथलं वन राखीव आहे. यातली बरीचशी फुलं एका पावसाळ्याची सोबती. पुढच्या वर्षीचा बहर यंदा मातीत पडलेल्या बियांवरच येतो. ते कुणी विकायला आणत असेल तर ती पठाराची चोरीच.

ओळखीतल्या माणसाकडून, त्याच्या परसातलं बी घ्या. फुलाचा फोटो कुणीही पाठवतो. पिकलेल्या बोंडाचा आणि तळहातावरच्या बियांचा मागा. कधी धरलं तेही विचारा. पठार भाद्रपदात फुलतं, बी त्यानंतर तयार होतं. ज्येष्ठात ‘गेल्या आठवड्यात काढलेलं’ बी येणार कुठून?

पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा, जितका उशीर तितकं अवघड. पाकीट, कुरिअरची पावती, संभाषण काही पुसू नका. आणि असलं कॉसमॉसचं बी आधीच पेरलं असेल, तर कातरलेल्या पानांची ती रोपं बी धरायच्या आत मुळासकट उपटा. कासच्या वाटेवरच्या यवतेश्वरच्या घाटाकडे तर या परक्या बियांचा एकही दाणा जाऊ देऊ नका.