धागा जाळून दाखवला, पण एकाच दिशेचा

‘शंभर टक्के सुती, खळ काढलेलं, थेट रंगवायला घ्या’ असं सांगून मला जो तागा विकला, तो पूर्ण सुतीही नव्हता आणि त्यातली खळही (विणण्याआधी धाग्यांना लावतात तो स्टार्चचा लेप) काढलेली नव्हती. घरी कापड रंगवणाऱ्यांनी आणि ठसे छापणाऱ्यांनी ही लबाडी नीट समजून घ्या. ती सहसा कापड भिजवल्याशिवाय उघडी पडत नाही, आणि भिजवलेलं कापड कोणी परत घेत नाही.

विक्रेत्याने माझ्यासमोर कापडातून एक धागा ओढून पेटवला. तो सरसर जळला, जळक्या कागदाचा वास आला, मागे मऊ राखाडी राख उरली. सुताची खूण हीच, त्यामुळे शंका घ्यायला जागाच नव्हती.

घरी आणून धुण्याचा सोडा आणि थोडा साबण घालून कापड उकळलं. रंगाईआधी मी हे करतेच, कारण कापसातलं मेण आणि तेलकटपणा राहिला तर चट्टे पडतात. पाणी बघता बघता दुधाळ झालं. पिळून झटकलं तर दुकानात भरगच्च लागलेलं कापड विरविरीत, खाली धरलेला हात आरपार दिसेल असं. अंग होतं ते सगळं खळीचं.

तरी रिॲक्टिव्ह (सोड्याच्या मदतीने सुतावर पक्का बसणारा) निळा रंग चढवला. धुऊन झाल्यावर उजेडात धरलं, तर उभे धागे गडद निळे आणि आडवे जवळपास पांढरे! आडवा धागा ओढून ज्योतीजवळ नेला. तो आक्रसला, वितळला आणि टोकाला कडक काळा मणी झाला. पॉलिस्टर. दुकानात जाळलेला धागा उभा होता, आणि तो मुद्दाम निवडलेला होता याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. रिॲक्टिव्ह रंग सुताशी रासायनिक बंध जोडतो, पॉलिस्टरशी नाही. त्याला डिस्पर्स रंग लागतो, आणि कारखान्यात तो साधारण १३० अंश सेल्सिअसला चढवतात. घरच्या पातेल्यात कितीही सोडा घातला तरी हे कापड सुधारणार नव्हतं.

विक्रेता आधी म्हणाला, तुमचा रंग जुना असेल. मग म्हणाला, सोडा कमी पडला असेल. शेवटी, धुतलेला माल परत घेत नाही.

म्हणून पैसे देण्याआधी, नमुन्याच्या नव्हे तर तुमच्या ताग्याच्याच कडेचा तुकडा कापून मागा. उभा आणि आडवा, दोन्ही धागे स्वतः ओढा आणि चिमट्यात धरून वेगवेगळे जाळा. तुकड्यावर पाण्याचा थेंब टाका: नीट साफ केलेलं सुती कापड तो लगेच पितं, नाहीतर थेंब वर तसाच बसून राहतो. जखमेवर लावायचं आयोडीन पाण्यात पातळ करून लावा. डाग निळा-काळा झाला की स्टार्चची खळ शाबूत आहे. आणि बिलावर ‘शंभर टक्के सुती, खळ काढलेलं’ असं लिहून घ्या. माझ्या बिलावर नुसतं ‘कापड’ लिहिलंय, आणि तेवढ्यावर त्याने हात झटकले.