भुलीनंतरची उलटी: एक इंजेक्शन की दोन?

पसरणी घाटात एसटीच्या खिडकीतून डोकं काढून ओकणाऱ्या बाईला भुलीनंतरही उलटीचा धोका जास्त. म्हणून साताऱ्यातले आमचे भूलतज्ज्ञ आधी विचारतात, ‘गाडी लागते का?’

नुसतं ऑन्डान्सेट्रॉन (उलटी रोखणारं इंजेक्शन), ४ मिलिग्रॅम, ऑपरेशन संपता संपता: स्वस्त, गुंगी न आणणारं, कधी डोकं दुखतं. धोका कमी असेल तर तेवढ्यावर भागतं.

जोडीचं दुसरं इंजेक्शन, डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड, मात्र भूल चढल्यावर लगेच, कारण ते सावकाश काम करतं. (जागेपणी भरकन टोचलं तर नको तिथे खाज सुटते!) २००४च्या मोठ्या अभ्यासात दोन्ही औषधांनी धोका प्रत्येकी साधारण २६ टक्क्यांनी घटवला, तोही स्वतंत्रपणे, म्हणजे एकाचा परिणाम दुसऱ्यावर अवलंबून नाही. त्यामुळे बाई, सिगारेट न ओढणारी, वर मॉर्फिनसारखं वेदनाशामक लागणार असेल, म्हणजे धोका जास्त असेल, तर मी जोडीच मागेन. मधुमेह असेल तर आधी सांगा, साखर वाढते.